देवळाचा भोंगा आणि डोंगरातले मोर

अण्णा, देवळावरचा भोंगा आता पहाटे वाजत नाही. दुसऱ्या कुणी तुमच्या कानावर घालण्याआधी मीच सांगावं म्हणून लिहायला बसलो. बंद मी केला, आणि तुमच्या नातीच्या सांगण्यावरून.

तुम्ही गेलात तेव्हा ती रांगत होती. आता विद्यापीठात संशोधन करते. काडेपेटीहून थोडी मोठी यंत्रं आपल्या डोंगरातल्या झाडांना बांधते. ती रात्रंदिवस आवाज टिपत राहतात. एवढं सगळं माणूस ऐकणार कधी, म्हणून तिनं संगणकाला मोर, तित्तर, कोल्हा वेगवेगळे ओळखायला शिकवलंय. डोंगरात काय उरलंय आणि कुठं, ते त्यावरून कळतं. आपल्याच शाळेत पत्र्याखाली बसून पाढे म्हणणारी पोरगी ही. उन्हाळ्यात घरी आली आणि लॅपटॉप ओट्यावर ठेवून म्हणाली, "पप्पा, हे बघा." देवळामागच्या लिंबाला बांधलेल्या यंत्रानं पहाटे टिपलेल्या आवाजाचं चित्र होतं. काळ्या पडद्यावर जाड पिवळे पट्टे, शेवटाला जरासे वर वळलेले. "हे आजोबा, भोंग्यावरचे," ती म्हणाली. "भोंगा चालू असला की चित्रात मोर दिसतच नाहीत. ओरडायचे थांबतात की आवाजाखाली दबतात, ते भोंगा बंद ठेवल्याशिवाय कळणार नाही." पट्ट्यांच्या मधे बारीक ठिपके होते. ते कशाचे, हे तिला उमगत नव्हतं. मला बघताक्षणी कळलं.

तुम्ही स्वयंपाकघरात टेपरेकॉर्डर घेऊन बसलाय, बाहेर वारा आहे म्हणून. भूपाळी सुरू करणार तेवढ्यात आई भाकरी थापायला घेते. तुम्ही म्हणता, "हात थांबीव जरा." आई म्हणते, "तवा तापलाय. देवाला थांबवा." तुम्ही हसता आणि तसेच गायला लागता. मी दारात श्वास धरून उभा. तीच कॅसेट पुढं पेनड्राइव्हवर गेली, आणि तुमच्या माघारी गाव रोज तुमच्या आवाजानं उठत राहिलं. कळ दाबायचं काम माझं.

"ती तुझी आजी," मी पोरीला म्हणालो. "भाकरी थापतीय."

पंधरा दिवस भोंगा बंद ठेवायचा तर गावाला विचारायला हवं. पारावर माणसं जमली. तुमच्या भजनातले टाळकरी आबा सगळ्यांत आधी बोलले. "पोरगी शिकली अन् देवालाच गप बसवाया निघाली व्हय?"

"देवाला न्हाई ओ आबा, भोंग्याला. पंधराच दिवस," पोरगी म्हणाली.

"अन् तुझ्या आज्याचा आवाज? त्यो बी बंद?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मला देवाची भीती वाटली नाही, अण्णा. तुमची वाटली. पोरगी मात्र मान खाली न घालता म्हणाली, "आजोबांना मी त्या आवाजावरनंच वळखते, आबा. मला का सोपं हाय?" आबांनी तंबाखू मळून दाढेखाली धरली. मग म्हणाले, "कर बाई. पर नंतर लाव परत."

चार-सहा दिवसांत देवळामागच्या लिंबावरून मोर ओरडायला लागले. चित्रात जिथं तुमचे पट्टे असायचे तिथं आता ते होते. पोरीनं हे तिच्या सरांपुढं मांडलं. गावानं ऐकलं कसं, असं त्यांनी विचारलं. "आमच्या पप्पांनी कळ दाबली नाही," ती म्हणाली. हे तिनं मला फोनवर सांगितलं तेव्हा मी शेतात होतो. बांधावरच बसलो थोडा वेळ.

पंधरा दिवस झाले तरी मी पहाटे भोंगा लावला नाही. आता तुम्ही ऊन वर आल्यावर गाता. आबा म्हणतात, म्हाताऱ्याला जरा झोप मिळायला लागली.

पण पहाटे दिवा लावताना देऊळ फार मुकं वाटायचं, म्हणून मीच भूपाळी म्हणायला लागलो. माइक नाही, काही नाही. इतकी वर्षं तुमच्या आवाजापुढं मी कधी तोंड उघडलं नव्हतं. लिंबावरच्या यंत्रात ते गेलं. पोरीचा फोन आला, "पप्पा, एक नवीन आवाज सापडलाय. शेवटाला आजोबांसारखाच वर वळतो. यंत्रात माणूस सापडला की विचारून पुसावं लागतं. पुसू का?"

मी म्हणालो, पूस. हा कागद देवघरात तुमच्या फोटोमागं राहील, म्हणून लिहितो: तिनं तो पुसू नये असं मला वाटत होतं.