रुवाची डबी

बुहेरा, १४ मे २०१६

चि. नेत्साईस बाबाचे पुष्कळ आशीर्वाद. वि. वि. गुडघा सोडून मी बरा आहे.

रुवा गेल्या आठवड्यात वसतिगृहात गेली. एचआयव्हीच्या गोळ्यांसाठी दवाखान्याने तिला नवी डबी दिली होती. झाकण उघडलं की नोंद आपोआप दवाखान्यात जाते. नोंद झाली म्हणजे गोळी घेतली. पोरीने ती इथंच ठेवली. म्हणाली, सेकुरू, मुलींनी विचारलं तर काय सांगू, आईबापांनी वारसा म्हणून ठेवलाय? पंधरा वर्षांची पोर आणि आजोबासमोर जीभ बघ! गोळ्या मोज्यात बांधून नेल्या.

आता नोंद तुटली तर सिस्टर तिला सगळ्यांदेखत झापेल. म्हणून रोज संध्याकाळी सातला झाकण मीच उघडतो. खोटं कुठं आहे त्यात? ती तिकडे गोळी घेते, मी इकडे झाकण उघडतो. तरी धाकधूक वाटते. असलं काही मुलीला विचारायचा मान आत्याचा. तू जाऊन विचार. म्हाताऱ्यावर माया असू दे.

तुझा बाबा

हरारे, २ जून

ती. बाबांना आपल्या रीतीने गुडघे टेकून, टाळ्या वाजवून नमस्कार. वि. वि.

आईची मलेरियाची गोळी तीनदा विसरलेला माणूस आता घड्याळ झाला म्हणायचा! पण बाबा, ते झाकण उघडू नका. रुवाशी वसतिगृहाच्या फोनवर बोलले. म्हणाली, घेते गं आत्या, शेळ्यांसारखी मोजू नका मला. मागे मुलींचा गलका होता, जास्त विचारता आलं नाही. भेटीच्या रविवारी जाऊन येते. तुमच्या मायेतली,

नेत्साई

बुहेरा, ९ जुलै

चि. नेत्साईस आशीर्वाद. तुझं पत्र नाही. गेलीस का गं?

रुवाच्या गोळ्या आणायला गेलो होतो. सिस्टर बाकावरच्या सगळ्यांना म्हणाली, या पोरीकडून शिका, एक दिवस चुकलेला नाही. ज्यांची नोंद तुटते त्यांच्याकडे आरोग्यसेविका सायकलवरून जाते, तुमच्याकडे यायची गरजच नाही, म्हणाली. मी हसलो. सांगणार होतो, पण सगळे माझ्याकडेच बघत होते. लवकर लिही, जीव थाऱ्यावर नाही.

बाबा

हरारे, ३ ऑगस्ट

ती. बाबांना नमस्कार.

रुवा इथे इस्पितळात आहे. छातीत टीबी, वजन एकतीस किलो. मोजा सापडला. फक्त नऊ गोळ्या कमी आहेत. वसतिगृहात शेजारच्या खाटेवरच्या मुलीने गाठ सोडून पाहिली. रुवाने डोकेदुखीच्या गोळ्या म्हणून हसण्यावारी नेलं, आणि त्यानंतर मोज्याला हात लावला नाही.

डॉक्टर नोंद बघून म्हणतात, एकही दिवस चुकला नाही, म्हणजे औषधच लागू पडत नाही, दुसरं देऊ. त्यानंतर द्यायला फारसं काही उरत नाही. मी सांगायला तोंड उघडलं तर रुवाने माझा हात दाबला. पुटपुटली, आत्या, नको, सेकुरूला ओरडतील.

बाबा, तुम्ही येऊन सांगा. भेटीच्या रविवारी मी गेले नव्हते. बाजार भरला होता, दुकान सोडवलं नाही. कोणत्या तोंडाने तुमची माया मागू?

नेत्साई

बुहेरा, ९ ऑगस्ट

चि. नेत्साईस आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्या दिवसापासून झाकण उघडलं नाही. सात वाजले की हात फळीवरच्या डबीकडे जातो, तो मांडीखाली दाबून बसतो. आज सकाळी आरोग्यसेविका सायकलवरून आल्या. पाणी दिलं तर घेईनात. आधी विचारलं, तीन दिवस नोंद नाही, पोर बरी आहे ना?

तीन दिवसांत आल्या, नेत्साई. मी मे महिन्यात हात आवरला असता तर मे महिन्यातच आल्या असत्या.

सगळं सांगितलं. बाई ओरडतील म्हणून मान खाली घालून उभा होतो. त्यांनी ओट्यावर टेकून ते पाणी घेतलं. मग म्हणाल्या, आजोबा, डॉक्टरांना हे तुम्हीच सांगा, लवकर.

उद्याच्या बसने डबी घेऊन निघतो. रुवाला एवढंच सांग, सेकुरूला कुणीसुद्धा ओरडलं नाही.

बाबा