बोटभर लोणी

डॉक्टरसाहेब,

त्या दिवशी शाळेत तुम्ही चांगलं समजावून सांगितलंत. लोणी, साय, डुकराची चरबी खाऊन रक्तवाहिन्या तुंबतात, म्हणून आपल्या कारेलिया प्रांतातले पुरुष ऐन उमेदीत हृदयविकाराने जातात. ऐकून बायकांनी लोण्याऐवजी तेलाच्या बाटल्या घेतल्या. मीही घेतली.

माझ्या शेजारी सासूबाई होत्या, लेम्पी. त्यांचे दोन्ही मुलगे जंगलात लाकूड तोडताना छातीत कळ येऊन गेले. धाकटा ताउनो माझा नवरा.

बर्फातून परतताना त्यांनी विचारलं, "केर्तू, म्हणजे मीच मारलं का गं त्यांना?"

"काहीतरीच काय, आई. तेव्हा कुणाला ठाऊक होतं?"

"थंडीत राबतात म्हणून मीच जास्तीचं लोणी लावायचे."

मग त्यांनी बोलणंच टाकलं. घरात आम्ही दोघीच. वाटलं, तुम्हाला बोलवावं, दोष त्यांचा नाही असं तुमच्याच तोंडून ऐकवावं. पण तुम्ही सांगितलेलंही खरंच आहे, ते तुम्ही कसं खोडणार? म्हणून हे पत्र माझ्यापाशीच राहील.

आज सकाळी त्यांनी माझ्यापुढे कोरडा पाव ठेवला आणि स्वतःच्या पावावर बोटभर जाड लोणी लावायला लागल्या.

"आई, हे काय?"

"तू जग. मला पोरांकडे जायचंय."

मी त्यांचा हात धरला. "आणि मग मी इथे कुणाशी बोलू?"

त्यांनी सुरी खाली ठेवली. माझा हात मात्र सोडला नाही.

तुमचं ऐकणारी,
केर्तू