बाहेरच्या यंत्राला रजई

चि. सौ. धाकटीस थोरलीचे पोटभर आशीर्वाद. तुझे गुडघे कसे आहेत ते कळव. माझे हल्ली बोलत नाहीत, का ते पुढे कळेलच. अक्षर सूनबाईचं आणि शहाणपण माझं, दोघांत गल्लत करू नकोस. (सूनबाई, हसू नकोस, लिही.)

अगं, माझ्या खोलीत यंत्र बसलं! तुझ्याच लेकाने बसवलं, म्हणजे तुला ठाऊक असणार, पण त्याने निम्मंच सांगितलं असेल आणि तेही स्वतःच्या बाजूचं. पलंगावरच्या भिंतीला एक लांबोडकं पांढरं खोकं, बाहेर गॅलरीत त्याचा पंखेवाला जोडीदार, आणि मधल्या भिंतीत बांगडीएवढं भोक. झालं काम! हवा खेळवायला घरभर पत्र्याचे बोगदे फिरवायला नकोत की छत फोडायला नको. थंडीत ऊब आणि उन्हाळ्यात गारवा, दोन्ही एकाच तोंडाने. रिमोटवर चित्रं आहेत, सूर्य म्हणजे ऊब आणि बर्फाची चांदणी म्हणजे गार, त्यामुळे घरात ते मला एकटीलाच नीट चालवता येतं. शिकलेली माणसं अजून यंत्राबरोबर आलेलं पुस्तक वाचतायत.

आता फजिती ऐक. कडाक्याची थंडी पडली होती. मी गॅलरीत डोकावले तर बाहेरचं यंत्र गारठून उभं, अंगावर पांढरा बर्फाचा भुगा. आतलं आपल्याला ऊब देतंय आणि त्याचा जोडीदार बाहेर कुडकुडतोय, हे माझ्याने बघवेना. तू दिलेली रजई (ती टोचते, पण मी कधी बोलले का?) त्याच्याभोवती गुंडाळली आणि परकराच्या नाडीने आवळून बांधली. थोड्या वेळाने आतलं खोकं गार पडलं आणि त्याचा दिवा डोळे मिचकावायला लागला. माझ्या लेकाने पुस्तक काढलं, चष्मा पुसला, पुन्हा पुस्तक उघडलं. मी गप्प. सूनबाईने रजई पाहिली होती, तीही गप्प. (लिही, लिही, खरं तेच सांगतेय.)

शेवटी तुझ्या लेकाला बोलावलं. तो गॅलरीत गेला आणि जो हसत सुटला! म्हणे, "मावशी, तू तर त्याचं नाकतोंडच बांधलंस!" मग समजावून सांगितलं, की गार हवेतही थोडी ऊब उरलेली असते, बाहेरचं यंत्र ती ओढून घेतं आणि आत पोचवतं. आपले जुने हीटर विजेतूनच ऊब करायचे, म्हणून मीटर भिंगरीसारखं फिरायचं. हे फक्त ऊब वाहून आणतं, म्हणून थोडक्या विजेत भागतं. मला चटकन कळलं. म्हटलं, "तुझ्या आईसारखंच की रे. स्वतः काही शिजवत नाही, पण बाहेर चक्कर मारून चार घरचं आत घेऊन येते!" तो म्हणाला, "अगदी बरोबर, आणि तिचंही तोंड बांधलं तर ती बंदच पडेल." (रागावू नकोस, हे वाक्य त्याचं.)

तेव्हापासून माझ्या लेकाच्या अंगात वीजबचत संचारली आहे. ज्याने जन्मात स्वतःचा कप विसळला नाही, तो आता यंत्राची जाळी बाळाला न्हाऊ घालावं तशी धुतो. म्हणे, धूळ बसली की ते जास्त वीज खातं. ऊब निसटू नये म्हणून माझ्या खोलीचं दार बंद, आणि दार बंद म्हणून सगळे आत! सूनबाई इथेच भाजी निवडते, नात इथेच अभ्यास करते, लेक लॅपटॉप घेऊन पायथ्याशी, वर मलाच म्हणतो, "आई, जरा सरक." पूर्वी प्रत्येकाची खोली वेगळी, हीटर वेगळा, जेवायला हाक मारेपर्यंत कोणाचं तोंड दिसायचं नाही. आता मला पाय पसरायला जागा नाही. फार हाल आहेत. नातीने माझ्या उशीवर शाई सांडली, छान निळी फुलं उमटली आहेत.

पण आता हे हाल संपणार. लेक म्हणतो, प्रत्येक खोलीत एकेक यंत्र लावू, जो जिथे बसेल तेवढीच खोली तापेल, आणखी वीज वाचेल. "तुलाही निवांतपणा मिळेल, आई." तुझा लेक लवकरच भिंती बघायला येणार आहे. चांगलंच आहे. निवांतपणा कोणाला नको असतो?

तब्येतीला जप, आणि तोंड उघडं ठेव.
तुझी थोरली

ता. क. रजई धुऊन वाळवली आहे. परत हवी असली तर लाजू नकोस.

पुन्हा ता. क. (सूनबाई, हे तू नुसतं लिहायचं, ऐकायचं नाही.) तुझ्या लेकाला सांग, बाकीच्या खोल्यांच्या भिंती ठोकून बघ आणि तोंड वाकडं करून म्हण, "कच्च्या आहेत, यंत्राचं वजन पेलणार नाहीत." मावशीने लहानपणी कडेवर घेऊन हिंडवलंय म्हणावं, एवढं एक खोटं माझं लागतं त्याच्याकडे.

मावशी, मी सून. मी काहीच ऐकलं नाही. भिंती चांगल्या पक्क्या आहेत. यांना मात्र मी परवाच सांगून ठेवलंय की त्या खिळासुद्धा धरत नाहीत, तेव्हा तुमच्या लेकानेही तेच सांगावं. आणि रजई इतक्यात मागू नका. हे वीज वाचवायला यंत्राचा आकडा वर चढू देत नाहीत, त्यामुळे ती आम्हा चौघांच्या पायांवर असते. टोचते मात्र खरी.