साफ केलेले मासे

४ एप्रिल
वैशाली आली. रत्नागिरीहून नागपूर, तिथून सौंसरची बस. चेहरा उतरलेला, हातात थर्माकोलचा डबा, चारी बाजूंनी चिकटपट्टी. मंगळवारी यांना जाऊन वर्ष होतं, म्हणून आली. समुद्राच्या माशांवर शिकून राहिली आहे पोरगी. तिकडच्या कॉलेजातलं तपासायचं यंत्र बिघडलं. यांचा दिवस झाला की नागपूरला मैत्रिणीच्या कॉलेजात काही बघायला जाणार म्हणे. काय ते विचारायच्या आत झोपली.

५ एप्रिल
सकाळीच लाइट गेली, फ्रीज बंद. डब्याखालून पाण्याचा ओघळ. उघडला तर बर्फाचं पाणी, आत मासे. वै. गाढ झोपेत. वाटलं, यांच्यासाठीच आणले. समुद्राची मासोळी खायची यांना फार हौस, ती राहूनच गेली. या उन्हात वास सुटायला किती वेळ? विळी घेतली, राख घेतली. शेपट्यांना दोऱ्यानं चिठ्ठ्या होत्या, दुकानदाराच्या असतील म्हणून तोडून टाकल्या. पोटं काढली, मीठ-हळद लावली. घाण उकिरड्यावर. मांजर टपलेलीच होती.

वै. उठली. "माय, पोटं कुठं हायेत?"
"फेकली व. पोट कोण खाते?"
खालीच बसली. ओरडली असती तर बरं.

६ एप्रिल
बोलत नाही. शेजारची सरूबाई ऐकून हसली. "मासोळी साफ केली म्हणून पोरगी रुसली? माही सून साफ करत नाही म्हणून मी रुसून बसतो!" वै.लाही जरा हसू आलं.

संध्याकाळी आपणहून बोलली. समुद्राच्या एकाच पट्ट्यात हे सारे मासे सोबत राहतात. बांगडा वरच्या पाण्यातलं बारीक तरंगतं ते गाळून खातो. लेपा, तो जिभेसारखा चपटा, चिखलातले किडे. राणी मासा, तो गुलाबी, कोळंबीची पिल्लं अन् बारके खेकडे. कोळंबी कमी झाली तर राणी मासा लेप्याच्या चिखलात उतरतो का, हे तिला नागपूरच्या यंत्राखाली पोटं तपासून पाहायचं होतं. शेवटची खेप होती ती.
मी म्हटलं, पाण्यात दिसत नाही का?
"भांडण पाण्यात नाही दिसत, माय. पोटात दिसते."
अंधार पडायच्या आत उकिरडा काठीनं उकरून आले. राखेत माखलेलं थोडं सापडलं. कोणत्या माशाचं काय, कोण सांगणार.

७ एप्रिल
यांचा दिवस. सकाळी बुद्धवंदना, खीर. पाहुणे गेल्यावर रात्रीसाठी तेच मासे शिजवले. टाकायचे कुठे?
आमच्या घरात डोकं यांचं, मधला तुकडा वै.चा, शेपटी माझी. ठरवलं कोणी नव्हतं, पण कधी कोणी दुसऱ्याचं मागितलं नाही. आज डोकी पातेल्यात तशीच राहिली.
हात धुताना वै. म्हणाली, "सर म्हणतात, पुन्हा पकडून आणा. माह्यात नाही आता ताकद. सोडून देतो. इथंच राहतो तुह्याजवळ, एखाद्या शाळेत शिकवतो."
मी तिच्या हातावर पाणी ओतत राहिले. पण खरं लिहायचं तर, आनंद झाला. एकदम. वर्षभरात झाला नव्हता असा. मग स्वतःचीच भीती वाटली.

८ एप्रिल
वै. भांडी पुसता पुसता म्हणाली, "तू मुद्दाम तं नाही ना केलं?" हसत म्हणाली. डोळे हसत नव्हते.
"नाही व," मी म्हटलं. खोटं नाही ते. त्या सकाळी माझ्या मनात फक्त उन्हाळा होता आणि हे होते. पण कालच्या आनंदानंतर माझ्या 'नाही'त जोर उरला नाही. तिला कळलं असावं.
दिवसभर ती तिच्या खोलीत, मी चुलीजवळ. दोघींचं रडणंही वेगळं. ती पुस्तक उघडून रडते, मी पीठ मळताना.

९ एप्रिल
होडीवाल्या तांडेलांचा फोन आला. वै.नं आवाज मोठा केला होता. "ताई, सोमवारी जातो आम्ही. पावसाळी बंदीच्या आत दोन खेपा होतील. येताय का? तुमचे मासे वेगळे काढून ठेवू." सांजेपर्यंत सांगते म्हणाली.
दुपारभर फोन मांडीवर घेऊन उंबऱ्यावर बसलेली. मला काही विचारेना. मीच तांदूळ निवडायचे ठेवून गेले.
"जा."
तिनं वर पाहिलं. "मनातून म्हणून राहिली काय, माय?"
पाणी आणते म्हणून आत आले, अन् हे लिहीत बसले. ती अजून उंबऱ्यावरच आहे. ऊन ओसरीवरून उतरलं. तिला पाणी द्यायचं आहे, आणि उत्तर.