कढईखालचा बुश

बाबा, तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली आणि आज मला तुमच्याशी कडाकडा भांडायचंय.

परवा बोईसरच्या आपल्या कारखान्यात गोदीतून अख्खा माल परत आला. त्या जुन्या विनाशिकांच्या पंपांचे बुश, ज्यांच्यात पंपाचा दांडा फिरतो, तेच. तुम्ही हयातभर लेथवर कातलेत ते; तुमच्यामागे हे काम पहिल्यांदाच आलं होतं. आता तपासणीला मी असते. ड्रॉइंगबरहुकूम एकेक मोजून मीच सही केली होती, आणि दांडा आत खडखडतो म्हणे! मालक सगळ्यांसमोर म्हणाला, "बापाचा एक पीस कधी परत आला नाय. आठ दिवसांत नीट करून दे, नायतर घरी बस."

केळव्याला तुमच्या लेथवरच्या जोडीदार काकांकडे गेले. ते सुपाऱ्या सोलत बसले होते. "अगं, तो कागदच चुकीचा हाय," ते म्हणाले. "बोटी परदेशी, तिकडचा कारखाना कवाच बंद पडला. मग बोटीतला झिजलेला बुश काढून आणला नि त्याच्यावरून कागद काढला. झिजलेलं माप! तुझ्या बापाला पयल्याच दिवशी कळलं."

"मग बोलले का नाहीत?"

"बोलला असता तर खरं माप कागदावर आलं असतं, मग त्याला ठेवला असता कोणी? आमी सगळेच आपापल्या कामाचं माप डोक्यात ठेवायचो, बुशचं त्याच्याबरोबर गेलं."

अस्सा संताप आला! जीभ झडली असती का तुमची? एकदा मी तुमचा डबा घेऊन कारखान्यात आले होते, तुमचं माप तपासायचं गेज नुसतं हातात घेतलं, तर सगळ्या लेथवाल्यांदेखत खेकसलात, "ठेव खाली! बायकांचं काम नाय हे." तेव्हा वाटलं, मी वाईट. आता कळतंय, तुम्ही भ्यायला होतात. आणि ज्या बोटींत माणसं राहतात, त्यांचा पंप तुमच्यामागे बंद पडला असता तर? तेवढाही विचार शिवला नाही तुम्हाला?

घरी येऊन आदळआपट करत कढई उचलली, खाली ती जाड धातूची कडी. माझ्या लग्नात तुम्ही वर्तमानपत्रात गुंडाळून दिलेली. "ठेव, कामाला येईल." बाकीच्यांचे बाप भांडी देतात, माझ्या बापाने कारखान्यातला तुकडा दिला, नणंदा किती हसल्या होत्या! आजवर मी त्याची अडणी केलेली. घासून मायक्रोमीटर लावला. आतलं माप ड्रॉइंगपेक्षा बारीक. बुशच होता तो, तुमच्या हातचा. एवढं दिलंत आणि एक वाक्य नाही दिलंत, बाबा! रडले नाही मी. फार चिडले.

त्या मापाने नवे बुश कातून घेतले. गोदीत चपखल बसले. मालकाने विचारलं, "कसं जमवलंस?" मी म्हटलं, "अंदाजाने."

हे पत्र धाडायचं तरी कुठे? तुम्हाला एवढं बोलले खरी. पण ते ड्रॉइंग अजून तसंच आहे, माझ्याच टेबलाच्या खणात. मीही दुरुस्त केलेलं नाही. कडी परत कढईखाली ठेवलीय.