दुकानाला कुलूप

ती. ताई,

तुला वाकून नमस्कार. मी धडधाकट आहे, जेवणही वेळेवर होतं.

भाचीला स्वतःचं औषधाचं दुकान काढायचंय, तर बरंवाईट काय ते कळव, असं तू लिहिलंस. तिला सांग, समोरचं मोठं दुकान स्वस्तात देतं, त्यामुळे माझी गिऱ्हाइकं तिकडे वळताहेत. तरी परवाचंच सांगतो.

म्हातारे शिंपीकाका बायकोच्या गोळ्या न्यायला आले. मी पाकीट काढलं, तसे म्हणाले, "राहू दे रे. ती गेली. सवयीनं पाय इकडे वळले." मी त्यांना आत बसवलं, चहा दिला. काका तिच्याबद्दल खूप बोलले, मग रडले. बाहेर लोक ताटकळून निघून गेले, मी जाऊ दिलं. दुसऱ्याच्या नोकरीत हे जमलं नसतं.

पण हेच दुकान मला घरी येऊ देत नाही. फार्मासिस्ट मी एकटाच, माझ्याशिवाय ते उघडता येत नाही. आईच्या आजारपणात तू एकटी राबतेस आणि मी इथे परक्यांचे डोळे पुसतो. भाचीला म्हणावं, दुकान खुशाल काढ, पण जोडीला कुणीतरी घे.

परवा फोनवर आईनं मला विचारलं, "आपण कोण?" तू घाईघाईनं म्हणालीस, तिला नीट ऐकू आलं नसेल. ताई, माझा आवाज तिला नेहमी ऐकू येतो गं.

सोमवारी दुकानाला कुलूप लावून निघतोय. गिऱ्हाइकं गेली तर जाऊ देत. आईला आधी सांगू नकोस. ओळखते का, ते माझं मलाच बघू दे.

तुझा,
धाकटा