गाभोळीची मासळी

रत्नागिरी, ४ मार्च १९७३

सौ. केसर हिला समुद्रकाठाहून रामकिसनचा आशीर्वाद.

मी खुशाल हाय. जेवण वेळेवर मिळतं, काळजी करू नको. आई अजून दुष्काळी कामावर खडी फोडायला जाते का? तिला जाऊ देऊ नकोस. धाकटीचा ताप उतरला का? बैल आष्टीच्या बाजारात न्यायची घाई करू नका.

माझं काम तुला ठाऊकच हाय. बंदरावर आलेली मासळी पट्टीनं मोजायची, पोट चिरून गाभोळी, म्हंजे अंडी, बघायची अन् मासळी खात्याच्या साहेबांना लिहून द्यायचं. तीन वर्षांत मासळी लई बारकी झाली. म्हणून साहेबांनी ठरवलं, अंड्यावरची मासळी दोन महिने धरू नये. काल मच्छीमार सोसायटीच्या सभेत हे समजावून सांगायला मलाच उभं केलं.

मग द्रौपदीकाकू उठल्या. इथं आल्यापासून मी त्यांच्याच घरी जेवतो.

"रामकिसन, तू सांगतोस ते खरं आहे," त्या म्हणाल्या. "समुद्र रिकामा होतोय, आम्हाला दिसत नाही काय? पण दोन महिने पोरांच्या ताटात काय वाढू, तेवढं सांग."

मी खाली बसलो. आज पहाटे होड्या पुन्हा मासळी धरायला गेल्या. काकूंनी जेवायला हाक मारली, पण मी पट्टी घेऊन बंदरावर निघून गेलो.

तू विचारलंस, घरातलं धान्य संपलं, पेरणीसाठी ठेवलेली बाजरी दळू का? चार दिवस काय लिहावं ते सुचत नव्हतं.

दळ, केसर. पोरींना पोटभर खाऊ घाल.

तुझा,
रामकिसन